समोरच्या स्प्रॉकेटचा नट पुन्हा पुन्हा ढिला पडतो: किती आवळायचा?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे दोघांचं एकच बोलणं आहे याची खात्री होईल. दीडशे सीसीची मोटारसायकल, ३४ हजार किलोमीटरला चेनकिट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं (स्प्रॉकेट), बदललं. पुढच्या सहाशे किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला-धरला की डाव्या बाजूने ‘कट’ असा आवाज येऊ लागला. कव्हर खोललं तर समोरच्या छोट्या स्प्रॉकेटचा मोठा नट नुसत्या बोटांनी फिरत होता. मिस्त्रींनी पान्याला पाईप लावून तो चांगला आवळून दिला. नऊशे किलोमीटर झाले आणि परत तेच. आता ते म्हणतात लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव) टाकू आणि अजून पिळू. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा नट नेमका किती टॉर्कला, म्हणजे पिळाच्या किती जोराला, आवळायचा, लाल थ्रेडलॉकर टाकावा का, आणि घरच्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला आवाज देणारा पाना, घ्यावा का.

कराडला माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. आधी आकड्याचं बोलतो. तुमच्या गाडीचा आकडा मी इथे लिहून देणार नाही. तो शाफ्टच्या जाडीवर, आट्यांच्या पिचवर (दोन आट्यांमधल्या अंतरावर), वायसरच्या प्रकारावर ठरतो आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळा असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत मागच्या ॲक्सलचा आकडा बहुधा मिळेल, स्प्रॉकेटच्या नटाचा बहुतेक वेळा नसतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मॉडेल आणि साल सांगून विचारा, तिथे तो बघता येतो. कुणी अंदाजाने सांगितलेला आकडा घेऊ नका, माझाही.

पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न आकड्याचा नाहीच. एखादा नट एकदा ढिला पडला तर कमी आवळला असेल असं म्हणता येईल. पाईप लावून आवळल्यावरही परत ढिला पडला, म्हणजे आवळणं कमी पडत नाहीये. त्या नटाखाली किंवा त्या स्प्रॉकेटमागे काहीतरी बरोबर बसलेलं नाही. ते सापडेपर्यंत कितीही आवळा, नट परत सुटणार, नाहीतर शाफ्टचे आटे जाणार. आणि त्या शाफ्टचे आटे गेले की इंजिन खाली उतरवून केस उघडावी लागते, कारण तो शाफ्ट गिअरबॉक्सचाच भाग आहे.

हे का, ते समजून घ्यायला नट आवळल्यावर आत काय होतं ते पाहू. आपण म्हणतो नट ‘बसला’. प्रत्यक्षात बोल्ट ताणला जातो. लोखंड असलं तरी तो स्प्रिंगसारखा किंचित लांब होतो आणि परत आखूड व्हायला बघतो. त्या परत येण्याच्या जोरानेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. एक साधं उदाहरण घ्या. दहाचा बोल्ट, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा, ज्याला आपण सतराचा पाना लावतो, डोक्यावर ८.८ असा ताकदीचा दर्जा कोरलेला. तो कोरडा, स्वच्छ असताना सुमारे ५० न्यूटन मीटरला (हे टॉर्कचं माप) आवळला तर आतला दाब जवळजवळ अडीच टन होतो. आणि त्यासाठी तो लांब किती होतो? दोन भागांची मिळून जाडी ३० मिलिमीटर धरली तर सुमारे ०.०६ मिलिमीटर. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे अडीच टनांचा सगळा दाब कागदाच्या जाडीहूनही कमी ताणावर उभा आहे.

आता या ०.०६ मधून ०.०३ निघून गेले तर? नट एक अंशही मागे फिरलेला नसतो, पण अर्धा दाब गेलेला असतो. ते जातात कुठे? नव्या स्प्रॉकेटवरच्या रंगात, पेटीतून आलेल्या गंजरोधक तेलाच्या थरात, शाफ्टच्या खांद्यावर चिकटलेल्या जुन्या चेनच्या चिकट काळ्या मळात, दुसऱ्यांदा वापरलेल्या वायसरच्या उंचवट्यात. नट आवळताना हे सगळं टणक लागतं. मग गाडी चालते, गरम होते, चेन झटके देते, तो थर चिरडून बाहेर पडतो आणि नटाखाली मोकळी जागा तयार होते. त्यात तुमच्या स्प्रॉकेटची जाडी ३० मिलिमीटर नाही, वायसर धरून फार तर दहा-बारा. शाफ्टही जाडजूड. तिथला ताण ०.०६ पेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून या नटाखाली केसभर घाणही चालत नाही. एखाद्या लांब बोल्टाला जी घाण सहज पचते, ती इथे सगळा दाब खाऊन टाकते.

दुसरी गोष्ट अशी की आपल्या हाताचा जोर बहुतेक घर्षणातच जातो. ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाखाली, चाळीस टक्के आट्यांमध्ये, आणि फक्त दहा टक्क्यांच्या आसपास बोल्ट ताणायला उरतो. त्यामुळे आटे गंजलेले, मातीने भरलेले असतील तर टॉर्क रेंच ठरल्या आकड्यावर आवाज देईल, पण बोल्ट ताणलेलाच नसेल. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर लावला तर तोच टॉर्क तीस टक्क्यांपर्यंत जास्त ताण देऊ शकतो. मॅन्युअलमध्ये ‘तेल लावून’ असं लिहिलं असेल तर लावायचं, लिहिलं नसेल तर कोरडं ठेवायचं. आकडा आणि आट्यांची स्थिती ही जोडी आहे, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

तुमच्या गाडीकडे परत येतो. कव्हर काढल्यावर नटाला हात लावायच्या आधी टॉर्च धरून नीट बघा. स्प्रॉकेट ज्या खाचांवर बसतं, त्याला आम्ही स्प्लाइन म्हणतो, त्यांच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसते का? मिसरीसारखी बारीक, बोटावर घेतली तर मऊ लागते आणि पुसल्यावर बोट लालसर राहतं. ही साधी गंज नव्हे. दोन लोखंडी भाग सैल राहून एकमेकांवर अगदी थोडं, पण सतत घासले की अशी पूड पडते. ती दिसली तर स्प्रॉकेट शाफ्टवर डुलत होतं हे नक्की. मग स्प्रॉकेट काढून शाफ्टच्या खाचा नखाने चाचपा. खाचेची बाजू सपाट हवी. जिथे स्प्रॉकेट बसतं तिथे नख अडेल अशी पायरी पडली असेल तर शाफ्ट झिजला आहे, आणि नवं स्प्रॉकेट त्यावर घट्ट बसणारच नाही. शाफ्ट ठीक असेल तर नवं स्प्रॉकेट नट न लावता नुसतं घालून पुढे-मागे फिरवून पाहा. अगदी किंचित हालणं चालतं. ‘खट खट’ असं हातात जाणवणारं हालणं असेल तर ते स्प्रॉकेट तुमच्या गाडीचं नाही किंवा खाचा मापाला नाहीत. नाव कुणाचं घेत नाही, पण बाजारात अशी किटं येतात. दात बघून माणूस समाधानी होतो आणि आतल्या खाचा कुणी बघत नाही.

हे डुलणं इतकं महत्त्वाचं का? गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये याचं मूळ कारण प्रयोगाने दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा दोन भाग एकमेकांवर आडवे सरकले की नट सगळ्यात जलद सुटतो. आडवं सरकणं चालू झालं की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि बोल्टचा ताण स्वतःच नटाला उलटा फिरवतो. तुमचं स्प्रॉकेट प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर धरला-सोडला की असंच सरकत होतं. म्हणून नट बोटाने फिरावा इतका मोकळा झाला. नुसता स्प्रिंग वायसर टाकून हे थांबत नाही. तो वायसर पुरता दाबला गेला की साध्या चपट्या वायसरसारखाच वागतो. नासाने १९९० मध्ये काढलेल्या फास्टनरच्या मार्गदर्शिकेतही त्याला नट रोखण्याच्या कामी निरुपयोगीच ठरवलं आहे. आपल्याकडे मात्र ‘दोन स्प्रिंग वायसर टाक’ हा सल्ला अजून ऐकू येतो.

इथे एक खुलासा, कारण हे वाचणारे दुसरेही असतील. बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत समोरच्या स्प्रॉकेटला मोठा नट नसतोच. एक पातळ प्लेट शाफ्टच्या खोबणीत फिरवून बसवतात आणि ती दोन सहाच्या बोल्टांनी, म्हणजे दहाच्या पान्याच्या, स्प्रॉकेटला जोडतात. त्या गाडीत स्प्रॉकेट शाफ्टवर थोडं आत-बाहेर सरकतं ते मुद्दामच ठेवलेलं असतं. ते सरकतंय म्हणून कुणी ते दोन बोल्ट जोरात पिळतो आणि डोकी तोडतो. सहाच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन मीटर लागतात. पंधरा सेंटिमीटरच्या पान्याला सात किलोच्या आसपास जोर दिला की झालं. हात सहज वीस किलो जोर देतो, म्हणजे तिप्पट, आणि एवढ्यात ८.८ चा सहाचा बोल्ट पिळून तुटतो. तुमचा मोठा नट असल्याने हा भाग तुम्हाला लागू नाही.

आता पाईपचं गणित. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्याला २४ किलो जोर दिला तर ५९ न्यूटन मीटर होतात. त्याच हाताने त्याच जोराने पाऊण मीटरचा पाईप ओढला तर १७७. माणसाच्या हाताला दोन्ही वेळा सारखंच वाटतं. मी स्वतः पहिली काही वर्षं टॉर्क रेंचशिवाय काम केलं. वस्तादांचा हात चांगला होता आणि आमचाही बऱ्यापैकी झाला. पण हात चांगला होतो तो पान्याच्या ठरलेल्या लांबीवर. पाना बनवणाऱ्यांनी छोट्या मापाला आखूड आणि मोठ्या मापाला लांब पाना दिला आहे तो विचार करूनच. पाईप लावला की हाताची सगळी सवय वाया जाते. पाईप जाम नट सोडवायला वापरावा, आवळायला नाही. एअर गनचंही तेच. सोडवायला तिच्यासारखं काही नाही, पण शेवटचं आवळणं हाताने.

तुम्ही हे काम परत कराल तेव्हा असं करा. स्प्रॉकेट आणि शाफ्ट रॉकेलने धुवून, तारेच्या ब्रशने खाचा आणि आटे साफ करून कोरड्या फडक्याने पुसा. नटाच्या आतले आटेही. शाफ्टच्या ज्या खांद्यावर स्प्रॉकेट टेकतं, तो बोटाने चाचपून बघा, एक कणही नको. नव्या स्प्रॉकेटवर नट टेकतो त्या जागी जाड रंग असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. स्प्रॉकेटची बाजू तपासा. काहींना एका बाजूला बॉस, म्हणजे मधला उंच भाग, असतो, उलटं बसलं तरी नट लागतो पण चेनची ओळ चुकते. टॅब वायसर, म्हणजे ज्याची कड वाकवून नट अडवतात तो, नवाच घ्या. जुन्याची कड एकदा वाकवून सरळ केली की तो सपाट राहत नाही आणि दुसऱ्या वाकवण्यात तडकतो. एवढ्याशा वायसरसाठी शाफ्ट धोक्यात घालू नका.

शाफ्ट फिरू नये म्हणून चेन चढवून, गाडी गिअरमध्ये टाकून, एकाने मागचा ब्रेक दाबून धरावा. नट आधी हाताने पूर्ण आत न्या. हाताने शेवटपर्यंत सहज गेला पाहिजे. मध्येच अडला तर आटे खराब आहेत, तिथे थांबा. नटाला उलटे आटे तर नाहीत ना, तेही आधी बघा, काही गाड्यांत असतात. मग टॉर्क रेंच मुठीच्या मध्यावर धरून, झटका न देता, एका ओढीत आवाज येईपर्यंत. आवाज आला की थांबा. ‘खात्रीसाठी’ दोन-तीनदा कटकट करणारे खूप पाहिलेत मी. प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो. नंतर टॅब वायसरची कड नटाच्या सपाट बाजूला पूर्ण चिकटेल अशी वाकवा. कड नटाच्या कोपऱ्यावर आली तर नट किंचित पुढे न्या, मागे कधीच नाही. हाच नियम मागच्या ॲक्सलच्या खाचांच्या नटाला आणि स्प्लिट पिनला.

मग चेनचा ढील, कारण तुमच्या बाबतीत माझा दुसरा संशय त्यावर आहे. नवं किट टाकल्यावर लोकांना चेन ताठ आवडते. पण गाडी मेन स्टँडवर असताना ताठ दिसणारी चेन, दोघं बसल्यावर तारेसारखी होते. मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, वर जातो तेव्हा समोरचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात. त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. तेव्हा ढील उरला नसेल तर सगळा ओढा समोरच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो, स्प्रॉकेट तिरकं खेचलं जातं आणि नट डुलतो. बहुतेक कम्यूटर गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागतो, तुमचा नेमका आकडा चिमट्यावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असेल. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी नसते. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे ढील बरोबर हवा.

मागचा ॲक्सल आवळताना चेन बऱ्याचदा परत ताठ होते. त्यासाठी आमची जुनी पद्धत: चेन आणि मोठ्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडक्याची जाड घडी घालून चाक मागे फिरवा. घडी आत ओढली जाते, चाक पुढे खेचलं जाऊन दोन्ही ॲडजस्टरना टेकतं. आता नट आवळा, मग फडकं काढा आणि ढील परत मोजा. लहान-मध्यम गाड्यांच्या मागच्या ॲक्सलचे आकडे मी बहुतेक ५० ते १०० न्यूटन मीटरच्या मधले पाहिले आहेत. एवढ्या मोठ्या फरकात अंदाज चालत नाही. मोठ्या स्प्रॉकेटचे मागचे नट मात्र समोरासमोर आवळायचे, एकापाठोपाठ गोल नाही. आणि चाक काढलंच आहे तर ड्रममधले झटके झेलणारे रबर दाबून बघा. ते मेलेले असतील तर इंजिनाचा प्रत्येक झटका सरळ चेनवर आणि चेनवरून तुमच्या त्या नटावर येतो. चेनकिट बदलताना हे रबर कुणी बघत नाही. ३४ हजारांना ते गेलेले असणं अगदी शक्य आहे.

लाल थ्रेडलॉकरचं उत्तर सरळ आहे: नको. टॅब वायसर असलेल्या नटाला कंपनीने थ्रेडलॉकर सांगितलेला नसेल तर घालायची गरज नाही. लाल म्हणजे कायमच्या जोडणीचा. तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते आणि त्या नटाच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर गिअरबॉक्सचं ऑइल सील आहे. पुढचं चेनकिट बदलताना कुणी तिथे बर्नर धरला की सील गेलंच. निळा थ्रेडलॉकर साध्या पान्याने सुटतो. मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तिथे तोच, तोही आटे तेलविरहित करून. तेलावर टाकलेला थ्रेडलॉकर धरत नाही. थ्रेडलॉकर हा बरोबर बसलेल्या नटाला राखतो. डुलणारं स्प्रॉकेट त्याने घट्ट होत नाही.

टॉर्क रेंच घ्यावा का? महिन्यातून एकदा चेनचा ढील जुळवत असाल आणि चाक स्वतः काढत असाल तर घ्या. पण कोणता, ते विचार करून. अर्धा इंच चौकोनी टोकाचा, ४० ते २०० न्यूटन मीटरचा रेंच सगळीकडे मिळतो आणि लोक तोच उचलतात. ॲक्सल आणि स्प्रॉकेटला तो चालेल. ऑइलचा ड्रेन बोल्ट, कव्हरचे सहाचे बोल्ट, स्पार्क प्लग यांना तो वापरला तर ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतील, कारण तळाच्या आकड्यांखाली तो आवाजच देत नाही. कुठल्याही रेंचच्या मापाच्या खालच्या वीस टक्क्यांवर विश्वास ठेवू नये. काम झाल्यावर मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. त्याने नट सोडवू नका. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा आवळून झाल्यावर तपासून घ्यायची आंतरराष्ट्रीय रीत आहे. घरच्या वापरात पाच हजार कधी होत नाहीत, पण वर्ष होतं.

रेंचवर दोन मापं छापलेली असतात हे ध्यानात ठेवा. माझ्या गॅरेजमध्ये एका पोराने एका गाडीच्या ॲक्सलला ८० लावले. मॅन्युअलमध्ये ८० न्यूटन मीटरच होते, पण त्याने रेंचची दुसरी बाजू वाचली होती, फूट पाउंडची. झाले १०८. नट तुटला नाही म्हणून आम्हाला कळलंच नाही. पुढच्या सर्व्हिसला नट सोडताना ॲक्सलचे आटे नटाबरोबर तारेसारखे निघून आले. तेव्हापासून आमच्या दोन्ही रेंचवर फूट पाउंडच्या बाजूला काळी टेप आहे. जुन्या पुस्तकात किलोग्रॅम मीटर असेल तर ९.८ ने गुणा. किलोग्रॅम सेंटिमीटरमध्ये १०० लिहिलं असेल तर ते जेमतेम १० न्यूटन मीटर आहेत.

रेंच नसेल तर एक खात्रीचा मार्ग आहे. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा मिळतो, पन्नास किलोपर्यंत मोजणारा. रिंग पाना नटावर बसवा, नटाच्या मध्यापासून पान्यावर हुक अडकवाल तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते पंचवीस सेंटिमीटर असेल आणि तुम्हाला ५९ न्यूटन मीटर हवे असतील तर काटा २४ किलो दाखवेपर्यंत ओढा. ओढताना काटा पान्याशी बरोबर काटकोनात राहिला पाहिजे, आणि ओढ संथ. मी नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो. त्यांच्या हाताला २४ किलो म्हणजे काय ते कळतं. ही रीत पाईप लावलेल्या हातापेक्षा शंभर पटीने भरवशाची आहे.

तुम्ही चारचाकीबद्दलही एक ओळ विचारली होती, ती थोडक्यात. तिथेही तत्त्व तेच आहे. चाकाचे नट लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, ताऱ्यासारखे समोरासमोर, चाक जमिनीला किंचित टेकवून, आणि चाक काढल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासायचे. प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजचे, म्हणजे जोडणीच्या चकत्यांचे, चार बोल्ट लोकांना वाटतं कातरल्यासारखे सगळा जोर झेलतात. खरं तर त्या बोल्टांनी दोन फ्लँज इतक्या दाबून धरायच्या असतात की जोर घर्षणातूनच पलीकडे जावा. ढिले पडले की बोल्ट स्वतः जोर झेलू लागतात आणि तुटतात. आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ओव्हरलोड गाड्यांचे असे तुटलेले बोल्ट येतात. तुटलेला बोल्ट फेकायच्या आधी तुटलेली बाजू उन्हात धरून बघावी. शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत, एका कडेपासून पसरत गेलेल्या ओळी दिसल्या तर तो बोल्ट ढिला राहून थकून तुटला आहे. मान बारीक होऊन ओढल्यासारखा तुटला असेल तर जास्त आवळला गेला. पहिला प्रकार मला दुसऱ्याहून कितीतरी जास्त दिसतो. हबचा मोठा नट आणि सिलिंडर हेडचे बोल्ट मात्र वेगळं प्रकरण आहे. बऱ्याच गाड्यांत हेडचे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी फिरवायचे असतात, ते कायमचे ताणले जातात आणि परत वापरता येत नाहीत. ते घरी करू नका.

तुमच्या गाडीत नवा टॅब वायसर, साफ शाफ्ट, मॅन्युअलचा आकडा आणि बरोबर ढील एवढं झालं की शेवटी नटावरून शाफ्टच्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक सरळ रेघ ओढा. वाळू द्या, कव्हर लावा. नट तपासायला त्याला परत रेंच लावू नका. आवाज आला तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण बसलेला नट हलवायला तसाही जास्त जोर लागतो. २०० किलोमीटरनंतर कव्हर खोलून फक्त रेघ बघा. रेघ अखंड आणि खाचांत लाल पूड नसेल तर पुढे हजार किलोमीटरला परत एकदा बघा. रेघ तुटलेली दिसली तर नटाला हात न लावता, चेन ढिली करून, समोरचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. तो हालत असेल तर बेअरिंग गेलं आहे, आणि तेव्हा गाडी गॅरेजपर्यंत टेम्पोतून न्या, चालवत नेऊ नका.